दुसरा कंट्रोलर

असं समजा, तुमच्यासमोर फुगीर पाठीचा एक जुना टीव्ही आहे. पडद्यावर लोखंडी टोप घातलेला पाणबुड्या उभा आहे आणि टोपातून बुडबुडे वर चालले आहेत. पुढ्यात चटईवर बिट्टी बसली आहे. तिच्या शेजारी तुम्हीही बसा, पण जरा बेतानं. तिचं डोकं आज ठिकाणावर नाही.

कारण होती टिटवी. टिटवी म्हणजे बिट्टीची धाकटी मावसबहीण, सुट्टीला आलेली. हा खेळ तिनं आधी कधी पाहिलाही नव्हता. आणि काल खेळता खेळता तिनं तुटक्या नांगरावर उगाच लागोपाठ उड्या मारल्या, तर पाणबुड्याला चक्क नऊ जीव मिळाले. खेळ मामाचा, त्याच्या लहानपणापासूनचा. त्यालाही हे ठाऊक नव्हतं.

"शाब्बास, कप्तान," मामा टिटवीला म्हणाला.

आजवर त्या घरात कप्तान एकच होती. बिट्टी.

मामा तेवढ्यावर थांबला नाही. खेळ बनवणाऱ्यांनी तपासणीसाठी आत एक चोरखोली ठेवली होती म्हणे. लहानपणी मामानं ती शोधून शोधून बोटं दुखवून घेतली होती. "ती खोलीपण आता हीच उघडणार बघ," तो म्हणाला. बिट्टी रात्री जेवली नाही. पोटात दुखतंय म्हणाली, आणि ते काही खोटं नव्हतं.

आज टिटवी मावशीबरोबर केस कापायला गेली होती. बिट्टी दुपारपासून टीव्हीपुढे होती. जागा बदलताना ती चुकून दुसऱ्या कंट्रोलरवर बसली. हा खेळ एकट्यानं खेळायचा, म्हणून तो नुसताच पडून असे. पण ती बसली आणि पडद्यावरचे बुडबुडे थांबले. उठली, पुन्हा सुरू झाले.

बिट्टी त्याचं एकेक बटण दाबून पाहू लागली.

दुसऱ्या कंट्रोलरची दोन टोकांची दोन बटणं एकदम दाबली की बुडबुडे थांबत. मग पहिल्यावर 'खाली' आणि 'स्टार्ट' दाबलं की पाणबुड्या मान वळवून सरळ तुमच्याकडे बघे. पुढे काही नाही. तिनं दुसऱ्या कंट्रोलरला केसांचा रबर गुंडाळून पाहिला. तो निसटला, आणि त्याच क्षणी पडद्यावर आकडे चमकून गेले. म्हणजे पाणबुड्यानं बघितलं रे बघितलं, की दुसरा सोडायचा.

दोन हात इथे, दोन हात तिथे. तिनं पायांची बोटं लावून पाहिली. हनुवटी लावून पाहिली. मग आजोबांना उठवलं.

"मी 'सोडा' म्हटलं की सोडायचं हं, आजोबा."

"बरं."

"सोडा."

"दोन्ही?" आजोबांनी विचारलं.

मामाला धरायला सांगावं, तर मग मजा ती काय? त्याला तर आयती उघडलेली खोली दाखवायची होती. आणि त्याची यायची वेळ झाली होती.

दारात चपला वाजल्या. टिटवीचे केस कानापर्यंत आले होते. "ताई, काय करतेस?"

"काही नाही."

टिटवीनं थांबलेले बुडबुडे पाहिले, ताईच्या पायाच्या बोटांत अडकलेला कंट्रोलर पाहिला, आणि चटईच्या कडेला, हाताशी येईल अशी टेकली. हेच तर बिट्टीला सोसत नव्हतं. हिला काही सांगावंच लागत नाही.

शेवटी बिट्टीनं दुसरा कंट्रोलर तिच्याकडे सरकवला. "धर. मी सांगेन तेवढंच करायचं. डोकं चालवायचं नाही."

"नाही चालवणार."

बुडबुडे थांबले. पाणबुड्यानं मान वळवली.

"सोड."

पडदा काळा झाला आणि मग एक हिरवी खोली उघडली. समुद्र नाही, संगीत नाही. भिंतीवर खेळातले सगळे मासे ओळीनं टांगलेले, दात काढलेला शार्कसुद्धा. बिट्टीनं पाणबुड्याला पुढे नेलं, तर तो भिंतीतून आरपार गेला. दोघी हसायचंही विसरल्या.

मामा आला तो बूट न काढताच चटईवर बसला.

"कुणी शोधलं हे?"

"ताईनं," टिटवी म्हणाली. "मी आले तेव्हा सगळं झालं होतं."

दुसरा कंट्रोलर तिनं पाठीमागे सरकवला होता.

"वा, कप्तान," मामा म्हणाला, आणि त्यानं बिट्टीच्या डोक्यावर हात ठेवला. कालपासून ती याच शब्दासाठी जळत होती. "एकदा पुन्हा दाखव ना. पहिल्यापासून." त्यानं खेळ बंद करून परत लावला. पाणबुड्या उभा राहिला, बुडबुडे सुटले.

'एकटीनंच?' असं मामानं विचारलं नाही. विचारणारही नव्हता. टिटवी पडद्याकडे बघत होती, कापलेल्या केसांखाली तिची मान नवीनच दिसत होती.

बिट्टीनं पहिला कंट्रोलर उचलला. थोडा वेळ तो हातातच धरला. मग टिटवीच्या मांडीवर ठेवला, आणि तिच्या पाठीमागे हात घालून दुसरा ओढून घेतला. ओढताना वायरला गाठ बसून ती आखूड झाली. बिट्टीला टीव्हीच्या अगदी पुढ्यात, नाक काचेला लागेल इतकं जवळ सरकावं लागलं.

"'खाली' आणि 'स्टार्ट' एकदम," ती मागे न बघता म्हणाली. "आणि कधी सोडायचं, ते तू सांग."

तिनं दोन्ही टोकं दाबली. बुडबुडे थांबले.