काड उचलू नका

बाबा काठी टेकत बांधावरून पुढे चालले होते. त्यांच्या मागे सून, आणि सगळ्यात मागे भिंगरी. भिंगरी म्हणजे बाबांचा मुलगा, सुनेचा नवरा. दोन लेकरांचा बाप झाला तरी हे नाव काही सुटलं नाही, कारण पायाला लागलेली भिंगरीच सुटली नाही. आज तर तो उभ्या जागीसुद्धा हलत होता.

आज निकाल होता. शेताचा हा तुकडा बाबांनी सुनेला एका वर्षापुरता दिला होता. "कर काय करायचं ते. फसलं, तर पुन्हा शेतातलं मला काही सांगायचं नाही." तिनं आधी ओट हे चाऱ्याचं पीक पेरलं, कमरेएवढं वाढू दिलं, आणि ऐन भरात आलेल्या त्या पिकावर रूळ फिरवून त्याला आडवं केलं. त्या पडलेल्या काडातूनच यंत्रानं सोयाबीन पेरलं. खुरपणी नाही, फवारणी नाही. वर काडाची जाड गोधडी, खाली अंधार, अंधारात तण उगवत नाही. तिचं म्हणणं एवढंच. शेजारचे विचारायचे, "पेरणी केली का अंथरूण घातलं?"

नवऱ्याला तिनं एकच सांगितलं होतं. "तुम्ही दुसरं काही करू नका. फक्त काड उचलून बघू नका. उजेड पडला की तण आलंच."

"मी कशाला उचलू?" भिंगरी म्हणाला होता.

पण पेरलेलं दिसेना हो! उघड्या जमिनीत कोंब वर आला की सगळ्या जगाला दिसतो. इथे नुसतं पिवळं काड. खाली बी कुजलं की काय, गोगलगायींनी फस्त केलं की काय, कोण सांगणार? मग कुठेही जायचं असो, भिंगरीची वाट शेतावरूनच जायला लागली. इथे थोडं उचल, तिथे थोडं उचल. कोंब दिसला की जीव भांड्यात पडायचा, आणि घरी पोचेपर्यंत पुन्हा वरखाली व्हायला लागायचा. ती मात्र पाठ टेकली की घोरायची. त्याला राग यायचा. या बाईला काळजी म्हणून नाहीच का?

बाबा थांबले. काडातून सोयाबीनच्या ओळी सरळ वर आल्या होत्या आणि मधली जागा स्वच्छ होती. त्यांच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली. तेवढ्यात काठी पुढे आली.

"ते काय?"

ताटाएवढ्या जागेत तण दाटलं होतं. थोड्या अंतरावर आणखी एक ताट. मग आणखी एक. सगळी वाटेच्या कडेकडेनं.

"येतंय की तण! पसरणार हे आता. सांगितलं होतं मी."

सून खाली बसली. तिनं काडाची टोकं हातात घेऊन पाहिली. "बाबा, इथलं काड हललंय. हललंय तिथेच आलंय."

"आपोआप हललं?"

तिनं हातातली टोकं खाली ठेवली. नवऱ्याकडे तिनं पाहिलंही नाही. भिंगरीनं एकदा तिच्याकडे, एकदा बाबांच्या काठीकडे पाहिलं. गप्प राहिलं तर सगळं तिच्या माथी बसणार.

"मी उचललं," तो म्हणाला. "हे, ते, पलीकडचंही. राहवेना. ती नको म्हणत होती."

बाबांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "अरे, कोंबडीसुद्धा अंड्यावर गप बसते! बरं, त्या झाडाकडच्या कोपऱ्यात गेला होतास?"

"नाही. तिकडे कधीच नाही."

"मग चला. तिथे तण नसेल तर मानलं."

"तिकडे कशाला बाबा," सून घाईनं म्हणाली. "ऊन झालंय."

पण बाबा निघालेसुद्धा.

कोपरा स्वच्छ होता. फक्त झाडाच्या खोडाआड, वाटेवरून दिसणार नाही अशा जागी, वीतभर तुकड्यात तण उभं होतं. भिंगरीच्या सगळ्या तणांपेक्षा हे उंच, म्हणजे सगळ्यांच्या आधी आलेलं. बाजूला सारलेलं काड कपाटातल्या घड्यांसारखं नीट लावलेलं होतं. त्याच्यासमोर जमिनीत दोन खळगे होते. कुणीतरी एकाच जागी पुन्हा पुन्हा गुडघे टेकून बसलं होतं.

भिंगरीनं बायकोकडे पाहिलं. तिचे कान लाल झाले होते. मागून बाबा खोडाला वळसा घालून येत होते.

"हे बघ! इथे तर तू आला नव्हतास ना?"

तिनं तोंड उघडलं. त्याआधीच भिंगरी दोन पावलं पुढे झाला आणि त्या खळग्यांवर उभा राहिला.

"आलो होतो. लाज वाटली म्हणून मघाशी खोटं बोललो."

"धन्य आहे तुझी!" बाबांनी काठी आपटली. "शीक जरा बायकोकडून धीर धरायला. सूनबाई, पुढच्या वर्षी खालचं शेतही तूच बघ. आणि याला फिरकू देऊ नकोस."

बाबा बडबडत बांधावर चढले आणि घराच्या दिशेनं दिसेनासे झाले. तोवर भिंगरीनं पाय हलवला नाही. ती वाकली, तण उपटलं आणि काड पुन्हा पसरायला लागली.

"आणि रात्री तर घोरत होतीस की," तो म्हणाला.

"तुम्हाला झोप लागावी म्हणून."