दोघांचा लोड

"काका, शेवटचं विचारतो," वायरमन म्हणाला. "एका वेळी किती मशिनं चालणार?"

"दोन. तिसऱ्यांदा सांगतोय."

वायरमनने विजेच्या लोडचा आकडा अजून लिहिला नव्हता. काकांच्या घरामागच्या अंगणातल्या गॅरेजमध्ये तो तासभर उभा होता आणि नमनालाच घडाभर तेल गेलं होतं. गाडी विकून झाली, गॅरेज झाडून झालं, मशिनं येऊन पडली. घोडं पेंड खात होतं ते विजेपाशी. त्यात काकांनी गेल्याच महिन्यात घरापासून गॅरेजपर्यंत स्वतःच्या हातांनी हौसेने फरशी घातली, आणि केबल तिच्याखालून न्यायला हवी होती हे सिमेंट वाळल्यावर ध्यानात आलं. सकाळपासून काकांचा मुलगा ती फरशी उखडून चर खणत होता. जन्मभर माप घेऊन लाकूड कापणाऱ्या सुताराने असं करावं म्हणजे कमाल झाली. पण घाई झाली की भल्याभल्यांची अक्कल शेण खायला जाते.

घाई एवढ्यासाठी, की पस्तीस वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात काढल्यावर आता स्वतःचा कारखाना होणार होता, आणि त्यात बापलेक दोघं. शेजारपाजारच्या प्रत्येकाला हे सांगून झालं होतं. मुलाला मात्र सोमवारी दूरच्या शहरात नोकरीवर हजर व्हायचं होतं, आणि घरात हे फक्त बापालाच ठाऊक नव्हतं. आई रोज म्हणायची, सांगून टाक. मुलगा रोज म्हणायचा, आज सांगतो.

"हे बघा," वायरमनने कागदावर पेन्सिल आपटली. "करवत, रंधा, ड्रिल, पॉलिशचं मशीन. सगळं आहे, मान्य. पण माणूस एक. करवत चालू असताना रंधा कोण चालवणार?"

"हा." बापाने चरातल्या मुलाकडे बोट केलं. "करवतीवर मी, रंध्यावर हा. यात न कळण्यासारखं काय आहे? तू वायरमन आहेस की पोलीस?"

मुलाची पहार थांबली. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिने मुलाकडे पाहिलं, ते आता नाही तर कधीच नाही, अशा नजरेने.

"तूच सांग रे याला," बाप मुलाला म्हणाला. "माझं डोकं उठलंय."

"एकाचाच लोड लिहा, दादा," मुलगा वायरमनला म्हणाला.

बापाला वाटलं, पोरगं थट्टा करतंय. तो हसलासुद्धा.

"मी नसणार, बाबा. सोमवारी नोकरीवर जायचंय. दोन महिन्यांपूर्वीच ठरलंय."

"दोन महिन्यांपूर्वी." बापाने बायकोकडे पाहिलं. तिने मान खाली घातली, म्हणजे तिलाही माहीत होतं. त्याचे कान तापले. "आणि सकाळपासून चर खणतोयस?"

"तुम्ही खण म्हणालात."

"मी म्हणालो म्हणून खणलास. आणि तुझं तुला सांगायला तोंड नव्हतं?"

"होतं. दर वेळी सांगायला आलो की तुम्ही मला एखादं मशीन दाखवायला घ्यायचात."

बाप आणखीच चिडला. पण चिडून ओरडणार कुणावर? वायरमनला तर तिथून पळून जावंसं वाटत होतं. परक्याच्या घरातलं भांडण म्हणजे उगाच डोक्याला ताप. त्याने आपला कामाचाच विषय काढला.

"मग सोपं झालं की, काका," तो म्हणाला आणि लगेच चपापला. "म्हणजे, कामाच्या दृष्टीने. एकाचा लोड घरच्या मीटरवर बसतो. उद्या दुपारी चालू करून देतो. दोघांचा म्हटलं तर वीज ऑफिसात अर्ज, मग तपासणी, मग नवं मीटर. तीन महिने कुठे गेले नाहीत. आणि एवढं करून देतीलच असं नाही. कधी कधी सरळ नाही म्हणतात."

बाप गॅरेजच्या आत गेला. रंध्यावरचं प्लास्टिक त्याने नीट केलं. ते नीटच होतं.

"काका, लिहू ना एकाचा?"

"दोघांचाच लिही."

"अहो, पण आता तो..."

"ऐकलं मी. बहिरा झालो नाही अजून." त्याने मुलाकडे पाहिलं नाही. "तू अर्ज कर. नाही म्हणायचं असेल, तर ऑफिसने म्हणू दे."