भिंतीवरचा महात्मा

"मानवजातीची पापं मुकाट्यानं पोटात घालणारा एकच महात्मा म्हणजे शेवाळ!" अशी घोषणा करत निवृत्त प्राध्यापक दाबके परसात गेले आणि किंचाळले. कुंपणाची भिंत लख्ख होती.

"गौरी यायच्यात, म्हणून घासली," कुमुदताई आतून म्हणाल्या.

दाबके पायरीवर मटकन बसले. पलीकडच्या बालवाडीशेजारच्या भट्टीत जुन्या बॅटऱ्या वितळवत. त्यांचं शिसं या भिंतीवरचं शेवाळ वर्षानुवर्षं हवेतून शोषून साठवत होतं, वर हिरवंगार राहत होतं. उद्या प्रदूषण मंडळाचे अधिकारी शेवाळाचे नमुने नेणार, शिसं सापडलं तर भट्टी हलणार. आणि आता पुरावा गटारात!

"अहो, रडता काय?" कुमुदताईंनी पापडांचा डबा पुढे ठेवला. आत खरवडलेल्या शेवाळाच्या पुड्या; प्रत्येकीवर भिंतीवरची जागा, तारीख आणि ‘खाऊ नये’. "चाळीस वर्षं तुम्हाला नमुने गोळा करताना बघतेय."

दाबक्यांना गहिवरून आलं. "अगं, तू म्हणजे साक्षात शेवाळ!" बायकोची एवढी स्तुती त्यांनी लग्नानंतर प्रथमच केली होती.

"असेन," त्या लाजल्या. "पण खरवडताना माझं उलथनं बाद झालं. तेवढं नवं आणून द्या."