स्वप्नालीच्या मागची तलवार

या, असे जवळ सरका. टाळ क्षणभर मांडीवर ठेवा. एका तलवारीची गोष्ट सांगतो. लढाई तिच्यात एकही नाही.

थेरगावात, डांगे चौकाजवळ, गणराजचं शोभेच्या तलवारींचं दुकान आहे. कुसुमताई तिथे आल्या त्या गव्हाने भरलेला स्टीलचा डबा कडेवर घेऊन. लेकीचं, स्वप्नालीचं लग्न तोंडावर आलेलं. मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या पाठीशी मामा तलवार घेऊन उभा राहतो, ती त्यांना हवी होती.

गणराजने सिंहाच्या तोंडाची मूठ असलेली लखलखीत तलवार काढली. फोटोत हीच उठून दिसते म्हणाला. ताईंनी किल्लीने पात्यावर ठोकलं, कान लावला. आवाज बद्द. मूठ हलवली, तर आत काहीतरी खुळखुळलं. त्यांचा धाकटा भाऊ साहेबराव चाकणच्या कंपनीत तयार माल असाच ठोकून, आवाजावर पारखायचा. घरी आला की बहिणीची भांडीसुद्धा ठोकून बघायचा.

दुसरी खणखणीत वाजली. पण ताईंनी ती टोकाने गव्हात रोवली, हात सोडला, आणि मुठीच्या भाराने ती आडवी झाली. तिसरीचं पातं पत्र्यासारखं वाकत गेलं.

गणराज वैतागला. "अहो ताई, पाच मिनिटांचं काम. मामांच्या हातात तर राहणार. एवढं काय पारखताय?"

"धरणारा न्हाई भाऊ, म्हणून तर पक्की बघतीय."

साहेबराव मागच्या साली गेला होता. गणराज म्हणाला, घरातलं दुसरं कुणी धरेल की. ताई म्हणाल्या, धरायला चौघं तयार आहेत. पण बारशाला भाचीला मांडीवर घेऊन साहेबरावाने ती जागा मागून घेतली होती. ती आता कुणाला देववत नाही. तिथे गव्हात रोवलेली तलवारच एकटी उभी राहील.

गणराजने खालच्या फळीवरची, धूळ बसलेली एक काढली. साधी लाकडी मूठ, चमक नाही. ताईंनी ठोकलं, नाद लांबवर गेला. हलवली, काही वाजलं नाही. गव्हात रोवली, आणि दोन्ही हात तिच्या आजूबाजूला तसेच धरून राहिल्या, पोर पहिल्यांदा उभं राहताना धरतात तसे. मग एक हात काढला. मग दुसरा.

रस्त्यावरून एक ट्रेलर धडधडत गेला. भिंतीवरच्या साऱ्या तलवारी थरथरल्या. ही उभीच.

"असाच उभा राहा हां, बाबा," ताई तिला म्हणाल्या.

तर मंडळी, लग्नाला जाल तेव्हा सगळ्या अक्षता वधूवरांवर उधळू नका. दोन दाणे मुठीत राखा. साहेबरावाची आठवण करा, आणि ते नवरीच्या मागे टाका.