घिरट्या

हाँगकाँगमधल्या आमच्या जुन्या इमारतीला लिफ्ट नाही. गुडघे गेल्यापासून तीन वर्षं बाबा सातव्या मजल्यावरच अडकलेत. जन्मभर विमानांत दुसऱ्यांचं सामान चढवलेला माणूस, म्हणून मी कॉम्प्युटरवर विमान उडवायचा खेळ आणला. दुकानदार म्हणाला, साधी जॉयस्टिक पुरे. मी हट्टाने वैमानिकाचं असतं तसं चाकच घेतलं आणि जेवणाच्या घडीच्या टेबलाला आवळून बसवलं.

"बोला कॅप्टन क्वोक, कुठे जायचं? लंडन, टोकियो, सगळं जग तुमचं!"

बाबा तासभर आमच्याच गल्लीवर घिरट्या घालत राहिले.

"अहो बाबा, सगळं जग सोडून इथे काय शोधताय?"



"खालच्या चहाघरासमोर उतरता येतंय का, बघतोय गं."