पाहुण्याला निरोप

वरवट बकालचे महादेवराव दम्याने वर्षभर खाटेला खिळले होते आणि औषधवाल्याने आता उधारी बंद केली होती. काम न होणाऱ्या आजाऱ्यांना सरकारी मदत मिळायची. तिच्या चौकशीला आज तालुक्याचे साहेब येणार होते.

"आज उठू नोका बरं," त्यांच्या बायकोने, सुभद्राबाईंनी बजावलं.

"उठता आलं असतं त वर्षभर तुह्या हातची पेज पेलो असतो काय?"

साहेबांनी विचारपूस केली, अर्जाच्या कागदावर टिपून घेतलं. "मदत मिळेल," म्हणत चहा संपवला आणि निघाले. अंगणातून त्यांनी वळून पाहिलं, तर भिंत धरत, धापा टाकत महादेवराव दारात उभे.

"पाहुणा चालला, अन् मी पडून राहू काय?"

 

साहेबांनी हात जोडले, कागद पुन्हा काढला आणि लिहिलं, 'अर्जदार हिंडता-फिरता आहे.'