एकसारखे फोटो

प्रशिक्षणाच्या शेवटी शलाकाला प्रथमच जिवंत माणसाचा फोटोसंग्रह आवरायला मिळाला. विस्मरणाच्या साथीनंतर आठवणी या फोटोंतच राहत. फोटो पुसला की आठवण गेली. नियमाप्रमाणे तिने एकसारख्या चेहऱ्यांपैकी एकच ठेवला, बाकीचे कायमचे पुसून टाकले.

"शाब्बास! केवढी जागा वाचली," प्रशिक्षक देवस्थळी सर खूश झाले.

संग्रहाच्या मालकीणबाई, कुमुदताई, खुर्चीतून उठल्या. बाहेर बाकावर बसलेल्या त्यांच्या जुळ्या मुली "आई!" म्हणत धावत आल्या. त्यांनी एकीला उचलून घट्ट छातीशी धरलं. दुसरी पदर ओढत रडायला लागली. कुमुदताई कळवळल्या. तिचा हात धरून तिला शलाकाच्या टेबलापाशी घेऊन आल्या.

"मॅडम, हिची आई कुठे आहे, जरा बघता का हो?"